प्रोग्रेसिव्ह चष्मा घेताय? आधी मार्किंग करून घ्या

चाळिशी लागली की मोबाईल लांब लांब धरता धरता शेवटी हातच पुरत नाही, मग माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. माझंबी तेच झालं. लांबचा नंबर आधीपासून होताच, त्यात जवळचा आला, दोन चष्मे कोण सांभाळेल म्हणून एकाच काचेत सगळे नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह घेतला आणि पहिल्याच दिवशी भुसावळ स्टेशनचा दादरा उतरताना पायऱ्या अशा डुलायला लागल्या की कठडा धरून धरून खाली आलो. दुकानदार म्हणे सवय होईल भाऊ. दोन आठवडे झाले, काही नाही. दुसरीकडे दाखवला तर नंबर बरोबर निघाला, पण काच 4 मिलिमीटर वर बसलेली, म्हणजे सरळ बघितलं तरी नजर जवळच्या नंबराकडे सरकत होती.

या काचेत वर लांबचं, मधे कॉम्प्युटरचं, खाली वाचायचं असतं आणि दोन्ही कडांना थोडं धूसर असतंच, महागातल्या काचेतबी असतं, फक्त कमी. म्हणून काच डोळ्यासमोर नेमकी कुठे बसली यावर सगळा खेळ.

तर आधी फ्रेम ठरवा. फार बुटकी नको, बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत 18 मिलिमीटर तरी जागा पाहिजे नाहीतर वाचायचा भाग कापला जातो. मग ती फ्रेम नाकाकानावर नीट बसवून घ्या, आणि त्यानंतरच, तुम्ही सरळ समोर बघत असताना, दुकानदाराने फ्रेममधल्या डेमो काचेवर मार्करने बाहुलीच्या जागी खूण करायची. पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, तेपण दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं घ्यायचं, कारण नाक सगळ्यांचं बरोबर मधोमध नसतं. फ्रेम न घालताच माप झालं असेल तर ऑर्डर देऊ नका, सरळ सांगतो.

चष्मा आला की काचेवरच्या छापील खुणा पुसू देऊ नका. घालून आरशात बघा, अधिकचं चिन्ह बाहुलीवर आलं पाहिजे. पुसल्या असतील तर काचेवर हा करून फुंकर मारा आणि उजेडात तिरकी धरा, दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या खुणेखाली आकडा असतो, 20 म्हणजे ॲड (वाचायला वाढवलेला नंबर) +2.00. चिठ्ठीशी जुळवून बघा. मी आता दुकानातच बघतो, पोऱ्या हसतो, हसू दे.

काच पातळ हवी म्हणून 1.67 इंडेक्सच्या (आकडा मोठा तेवढी काच पातळ) मागे सगळेच लागतात, पण नंबर -2 च्या आसपास असेल तर 1.56 चालतो, उगाच पैसे. पोरांना आणि बाईकवाल्यांना पॉलिकार्बोनेट, फुटायची भीती कमी. उन्हात काळी होणारी काच घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, ती गरमीत कमी काळी होते, म्हणजे आपल्या जळगावच्या 45 डिग्रीत जेव्हा पाहिजे तेव्हाच कमी पडते! आणि चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिक्कीत ठेवायचा नाही, कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात.

शुगर असलेल्यांनी शुगर कंट्रोलमधे असतानाच नंबर काढावा, वरखाली असली की नंबरबी हलतो.

सवयीचं म्हणाल तर सकाळी उठल्या उठल्या नवा चष्मा चढवा आणि जुना कपाटात टाका, आलटून पालटून घातला की सवय लांबते. बाजूचं बघायला डोळे नाही, मान वळवा. पायऱ्या उतरताना हनुवटी छातीकडे, म्हणजे वरच्या भागातून पायरी दिसते. वाचताना उलटं, मान सरळ, नजर खाली. पहिले दोन-तीन दिवस बाईक नकोच. दोन आठवड्यांनंतरबी डोकं धरत असेल तर चिठ्ठी आणि चष्मा दोन्ही घेऊन परत जा आणि आधी माप तपासायला सांगा, नंबर नंतर.