सीपॅप अंगवळणी कसं पाडावं: पहिले पंधरा दिवस आणि नाशिकचे तीन ऋतू

झोपेत श्वास किती अडतो हे पाहणाऱ्या स्लीप स्टडीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सांगतात, ते घरी येतं आणि चौथ्या-पाचव्या रात्री ते कपाटात जातं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'मला ते सहनच होत नाही.' पण सहन न होण्यामागे बहुतेक वेळा एखादी नेमकी, दुरुस्त होणारी गोष्ट असते. पट्टा जास्त आवळलेला असतो, सुरुवातीचं प्रेशर फार कमी असतं किंवा थंडीच्या खोलीत नळी उघडी पडलेली असते. ती गोष्ट कशी शोधायची आणि कशी दुरुस्त करायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

मशीन नक्की काय करतं

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही जणांमध्ये हवेची वाट तिथेच मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास सुटतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. तासाला असे किती अडथळे येतात तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. सीपॅप खोलीतलीच साधी हवा हलक्या दाबाने आत ठेवतं, त्यामुळे घसा मिटत नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत मांडली आणि तत्त्व आजही तेच आहे.

घरात कुणी 'यांना ऑक्सिजन लागलाय' म्हणालं तर त्यांना शांतपणे सांगा की यात ऑक्सिजन नाही. दाब किती, हे पाहायचं असेल तर ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल धरा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. तेवढाच दाब म्हणजे १० प्रेशर. मशीनची मर्यादा साधारण ४ ते २० असते. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतात, तो आपल्या मनाने बदलायचा नाही.

मास्क घरी आणण्याआधी

मास्क तीन प्रकारचे असतात: नाकपुड्यांना टेकणारा पिलो, फक्त नाक झाकणारा नेझल आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. नाक मोकळं असेल तर नेझलपासून सुरुवात करावी हे आमचं स्पष्ट मत आहे. त्यात चेहरा कमी झाकला जातो, गुदमरल्यासारखं कमी वाटतं आणि हवा गळण्याच्या जागाही कमी असतात. 'तोंडाने श्वास घेतो' म्हणून थेट फुल फेस घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं बंद नाक असतं. ते आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दुकानात खुर्चीवर बसून मास्क पाहू नका. आडवं झालं की गाल मागे पडतात आणि बसून नीट बसलेला मास्क रात्री गळतो. झोपून, मशीन चालू करून, दोन्ही कुशींवर वळून पाहा. कवळी रात्री काढून ठेवत असाल तर तेव्हाही काढूनच पाहा. चमकी किंवा नथ मास्कच्या कडेखाली येत असेल तर तिथून हवा निसटते आणि टोचतंही. ती रात्री काढावी किंवा मास्कचा प्रकार बदलावा. दाट मिशीवर नेझलची खालची कड बसत नाही, तिथे पिलो प्रकार बरा. काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतं. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर असेल, शरीरात धातूचं इम्प्लांट असेल, तर विक्रेत्याला तसं सांगून बिनचुंबकाचा मास्क मागा.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा. फिलिप्स कंपनीने २०२१मध्ये आवाज कमी करणाऱ्या फोमच्या दोषामुळे बरीच जुनी मॉडेलं परत मागवली होती. मॉडेल आणि सिरियल नंबर तपासल्याशिवाय असं मशीन वापरू नका.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या रात्री थेट मास्क लावून झोपायचा प्रयत्न करणं ही सगळ्यात मोठी चूक. शरीराला आधी जागेपणी ओळख हवी.

पहिले दोन दिवस मास्क नळीशिवाय, नुसता हाताने नाकावर धरा. पट्टे नकोत. संध्याकाळी टीव्ही बघताना १०-१५ मिनिटं. घाबरल्यासारखं झालं तर हात खाली घ्या, दम खा, पुन्हा धरा. 'मी हा केव्हाही काढू शकतो' हे हाताला कळणं, एवढंच इथे साधायचं आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टे लावा, नळी जोडा, मशीन सुरू करा, पण बसूनच. तोंड मिटलेलं, जीभ टाळूला टेकलेली. नेझल मास्क लावून बोलायला गेलात तर हवा तोंडातून भसकन बाहेर येते. त्यात बिघाड काही नाही. श्वास सोडताना मनात सहापर्यंत मोजा. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड लवकर उतरते.

पाचव्या दिवसापासून आडवं पडून अर्धा तास, जागेपणी. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून. हा टप्पा गाळू नका. दुपारी झोप नाही आली तरी बिघडत नाही, त्यामुळे मनावर ताण नसतो. शिवाय घसा दुपारीही मिटतो, म्हणून पुढेही दुपारची झोप मास्क लावूनच घ्यायची असते. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनाही हेच लागू.

सातव्या-आठव्या रात्रीपासून झोपताना मास्क लावायचाच. मध्यरात्री नको झाला तर १५-२० मिनिटं काढा आणि पुन्हा लावा. आज दोन तास झाले, परवा चार होतील. निदान चार तास गाठल्यावर तिथे थांबू नका, कारण पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो आणि बऱ्याच जणांचे अडथळे तेव्हाच वाढतात.

लघवीला उठताना मास्क काढू नका, फक्त नळी सोडवा. बहुतेक मास्कना त्यासाठी दाबून सुटणारा जोड असतो. निफाड-दिंडोरीकडे रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करायला उठणाऱ्यांनीही परत आल्यावर 'आता उजाडेलच' असं म्हणून मास्क बाजूला ठेवू नये.

ज्यांना तीव्र भीती वाटते त्यांना हेच टप्पे गाठायला महिना लागला तरी चालेल. मात्र तोवर रात्री पाठीवर झोपू नका आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी कसारा घाटातून गाडी चालवू नका.

'हवा पुरत नाही' आणि 'श्वास सोडवत नाही'

या दोन तक्रारी एकसारख्या वाटतात, पण उपाय उलटे आहेत. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब कमीपासून सुरू होऊन ५ ते ४५ मिनिटांत ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतो. सुरुवात ४वर ठेवली की मोठ्या माणसाला हवा कमी पडल्यासारखी वाटते. तो समजतो दाब जास्त आहे आणि आणखी कमी करायला सांगतो. खरं तर तंत्रज्ञाला सुरुवात ५ किंवा ६ करायला सांगावी.

श्वास सोडताना जोर लावावा लागत असेल तर उच्छ्वासाच्या वेळी दाब उतरवणारी सोय चालू करून घ्या. तिच्या सहसा १ ते ३ पायऱ्या असतात. २पासून पाहा.

सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा येतात, तर हवा गिळली जाते आहे. कुशीवर झोपा, उशाकडची बाजू थोडी उंच करा, रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास आटपा. तरीही राहिलं तर प्रेशरबद्दल डॉक्टरांशी बोला.

हवा गळते तेव्हा

मास्क गळला की हात आपोआप पट्ट्याकडे जातो आणि तिथेच बिघडतं. मास्कच्या कडेला असलेल्या सिलिकॉनच्या गादीला आत-बाहेर दोन पदर असतात. बाहेरचा पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो. पट्टा आवळला की तो चिरडतो, फुगत नाही, मग हवा आणखी गळते आणि नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो.

योग्य पद्धत अशी: मशीन चालू करून झोपा. सगळे पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यापासून किंचित वर उचलून गादी फुगू द्या आणि हळूच टेकवा. आधी वरचे दोन पट्टे दोन्हीकडून सारखे ओढा, मग खालचे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत. मास्कवर बारीक भोकांतून येणारी हवा ही गळती नसते. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती भोकं कधीही बुजवू नका.

झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवा. डोक्याला खोबरेल चोपडून किंवा कोल्ड क्रीम लावून मास्क घातला तर तो घसरतो आणि तेलाने सिलिकॉन लवकर खराब होतं. चंपी सुट्टीच्या दिवशी सकाळी करा. अंबाडा मागच्या पट्ट्याखाली येत असेल तर त्याऐवजी सैल वेणी बाजूला घ्या.

नाशिकच्या हवेशी जुळवून घेताना

घरोघरी सगळ्यात जास्त अडतं ते इथे, कारण ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या भांड्याचा, आकडा एकदा लावून वर्षभर तसाच ठेवला जातो.

डिसेंबर-जानेवारीत शहरात रात्रीचा पारा १०च्या खाली जातो, निफाडला त्याहून उतरतो. मशीनमधून निघालेली ऊबदार, दमट हवा थंड नळीत गार होते आणि झाकणाखाली वाफेचे थेंब जमावेत तसं नळीत पाणी साचतं. नळीत गुडगुड होतं, नाकावर थेंब पडून जाग येते. मशीन बिघडलेलं नसतं. ओलावा एक पायरी कमी करा, नळी तापवायची सोय असेल तर तिचं तापमान वाढवा, नसेल तर नळीवर कापडी खोळ चढवा आणि ती गोधडीच्या आतून घ्या. मशीन डोक्यापेक्षा थोडं खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी नाकाकडे न येता मागे जाईल. जमिनीवर गादी घालत असाल तर मशीन थेट फरशीवर नको, एखाद्या पाटावर ठेवा, नाहीतर धूळ ओढली जाते.

मार्च ते मे घसा-नाक कोरडं पडतं. एसी असेल तर ओलावा वाढवा. कूलर असेल तर खोली आधीच दमट असते, मग कमी. सकाळी तोंड सुकलेलं असणं हे तोंडातून हवा निसटल्याचंही लक्षण असतं. ओलावा वाढवूनही फरक नाही पडला तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क यांचा विचार करा. डॉक्टरांना न विचारता तोंडाला चिकटपट्टी लावू नका.

पावसाळ्यात मुख्य काळजी बुरशीची. पाण्याचं भांडं रोज सकाळी रिकामं करून पालथं घाला. फिल्टर एरवी महिन्याला पाहावा, पण घराजवळ रस्त्याचं किंवा बांधकामाचं काम चालू असेल तर पंधरा दिवसांनी पाहा. करडा पडला की बदला, धुऊन पुन्हा लावायचा नाही. मच्छर अगरबत्ती, धूप, उदबत्ती मशीनजवळ नको, तोच धूर थेट फुप्फुसात जातो. मच्छरदाणी उत्तम.

पाणी डिस्टिल्ड वापरा. बोअरच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं, ते टाळा. बसलेला थर काढायला एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी. नाक चोंदलेलं असेल तर झोपण्याआधी जलनेती करता येते: उकळून कोमट केलेलं २५० मिली पाणी आणि अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका.

वीज गेली की मशीन थांबतं. जाग आल्यावर आधी मास्क काढा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, हवा. अडॅप्टरवर ६५ किंवा ९० वॅट असा आकडा असतो, पण जास्त वीज पाणी तापवणारी प्लेट खाते. ती बंद केली की बॅटरी कितीतरी जास्त तास टिकते.

स्वच्छता आणि प्रवास

मास्कची गादी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क, पट्टे, नळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत दांडीवर वाळत घाला. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट नको. वणीच्या गडावर मुक्कामाला किंवा सिंहस्थात बाहेर राहायला जाताना एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर घ्या आणि भांड्यातलं पाणी ओतूनच मशीन पिशवीत ठेवा. तिरपं झालं तर पाणी मोटरमध्ये जातं. विमानात मशीन हातातल्या सामानात न्या.

कोणते आकडे बघायचे

आठवड्यातून एकदा मशीनच्या पडद्यावर किंवा ॲपवर तीन गोष्टी पाहा: वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय. तो ५च्या खाली हवा. वाढलेला दिसला तर आधी गळती पाहा, कारण गळती जास्त असेल तर पुढचा आकडाही विश्वासाचा राहत नाही. गळती ठीक असूनही एएचआय वरच राहतो, किंवा आकडे उत्तम असूनही दिवसा पेंग येते, तर मशीनमधलं नोंदी साठवणारं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. नाकातून वारंवार रक्त, कानात दुखणं, नाकाच्या दांडीवर जखम, वजनात मोठी घट किंवा वाढ, यातलं काही असलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.