गाडीच्या दरवाजाची सुटलेली पट्टी चिकटवताय? या चुका टाळा

कापूरबावडीच्या सिग्नलला एका बाइकवाल्याने काचेवर टकटक केली. "काका, मागची पट्टी लोंबतेय!" चारच दिवसांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, मी ती स्वतःच्या हाताने चिकटवली होती. गाडी 2008 ची, दरवाजावरची काळी साइड बीडिंग. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चांगली होती. पण सोमवारी पहाटे सोसायटीतल्या गाड्या धुणाऱ्या मुलाने नेहमीप्रमाणे बादली ओतली, आणि त्याला आदल्या रात्री सांगून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

पहिली चूक ती, घाई. थ्रीएमच्या व्हीएचबीसारख्या ॲक्रिलिक फोम टेपची पकड साध्या तापमानाला वीस मिनिटांत जेमतेम निम्मी येते, 24 तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण यायला 72 तास लागतात. म्हणून पहिला अख्खा दिवस पाणी नको आणि तीन दिवस प्रेशर वॉशिंग नको. जुलैत उघड्यावर हे काम काढूच नका. पावसाने ओलसर राहिलेल्या पत्र्यावर कुठलीच टेप धरत नाही.

पण घाईच्याही आधी लोक चुकतात ते साफसफाईत. पट्टी ओढून उपटली तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो. हेअर ड्रायरने कोमट करा आणि मागून मासेमारीची बारीक तंगूस करवतीसारखी पुढेमागे ओढा. तंगूस नसेल तर डेंटल फ्लॉस चालतो. पतंगाचा मांजा मात्र नको, त्याची काच रंगावर रेघा पाडते. काढण्याआधी पट्टीच्या वरच्या कडेला मास्किंग टेपची रेघ मारून ठेवा, आणि तीही पुढचा-मागचा दोन्ही दरवाजे बंद असताना. पट्टी दोन-तीन मिलिमीटर जरी पुढे सरकली तरी मागचा दरवाजा उघडताना तिचं टोक पुढच्या पट्टीला घासतं.

उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून काढा. कंटाळा येतो, पण थिनरचा मोह आवरा. कारखान्यातला मूळ रंग थिनरचा एखादा हात सोसेलही, पण डेंटिंग-पेंटिंग झालेल्या दरवाजाचा रंग फडक्यावर उतरतो. मी उतरवलाय. पेट्रोल, रॉकेल मागे तेलकट थर सोडतात. वॅक्स-पॉलिशचंही तेच, आणि जुन्या गाडीवर वर्षानुवर्षांचं पॉलिश बसलेलं असतं. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फिरवा, आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. घरात उरलेलं सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

पट्टी उलटी करून बघा. मागे 'पीपी' (PP, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन जातीचं प्लॅस्टिक) असं कोरलेलं असेल तर नुसती टेप टिकणार नाही, आधी प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर लागतो.

भर दुपारी उन्हातही चिकटवू नका. मीटरभर प्लॅस्टिकची पट्टी तीस अंशांनी तापली की साधारण दोन मिलिमीटर लांबते, पत्रा मात्र त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. रात्री पट्टी आक्रसते आणि टोकं उचलली जातात. पट्टी ताणून लावली तरी हेच होतं. गाडी आणि पट्टी सावलीत सारखी गार होऊ द्या. टेप तुकड्यातुकड्यांत नको, टोकापासून टोकापर्यंत सलग लावा, आणि मग तळहाताने इंच-इंच जोरात दाबत जा.

गोंदाचं काय? इन्स्टंट गोंद कडक आणि ठिसूळ होतो, दरवाजा चार वेळा आपटला की तडकतो, शिवाय कडेला पांढरट डाग सोडतो. सिलिकॉन तर पेंटरचा शत्रू. एकदा लागलं की त्या जागेवर पुढे रंग धरत नाही. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते उघड्या पत्र्याला गंजही चढवतं. कुणी दरवाजाच्या खालच्या कडेला सिलिकॉनची लेपणी करतं, त्यात पाणी निघायची भोकं बुजतात आणि दरवाजा आतून कुजतो.

काही पट्ट्या टेपवर नसतातच, क्लिपवर असतात. हे न बघता ओढाल तर क्लिपा तुटतील. तुटलेली क्लिप सोबत घेऊनच दुकानात जा. फोटो दाखवून आणलेली भोकात बसेलच असं नाही. क्लिपऐवजी स्क्रू ठोकायचा सल्ला गॅरेजवाले सहज देतात. तो ऐकू नका. स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं, आणि स्क्रू लांब असला तर काच खाली घेताना तिच्यावर घासतो. भोकाभोवती गंज दिसला तर घासून, प्रायमर आणि टचअप लावून, पूर्ण वाळल्यावरच नवी क्लिप बसवा.

सगळं नीट करूनही टोक उचलत असेल, तर पट्टीच वाकलेली आहे. ड्रायरने गरम करून सपाट फळीवर वजनाखाली रात्रभर ठेवा. माझ्या मागच्या दरवाजाची त्यानेही सरळ झाली नाही. शेवटी कुर्ल्याहून जुनी पट्टी आणली, आणि या वेळी शुक्रवारी रात्रीच त्या मुलाला निरोप दिला: "तीन दिवस आपल्या गाडीवर पाणी नको."