बाइक चालवताना डोळ्यांवर काय घालायचं? गॉगल निवडताना या चुका टाळा

बहुतेक जण गॉगल घेतात तो उन्हासाठी, आणि निवडतात दुकानातल्या आरशात बघून. बाइकवर मात्र ऊन हा त्रासातला सगळ्यात सौम्य भाग आहे. खरा त्रास वाऱ्याचा, धुळीचा, संध्याकाळच्या चिलटांचा आणि पुढच्या डंपरमधून उडणाऱ्या बारीक खडीचा. गळिताच्या हंगामात बारामती, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागून गेलेल्या प्रत्येकाला पाचोळ्याचा तुकडा डोळ्यात जाणं म्हणजे काय ते माहीत आहे. ताशी ६० किलोमीटरला एक डोळा मिटला, तरी दुसराही आपोआप मिटतो. त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

म्हणून आधी हे ठरवा: डोळ्यांचं पहिलं संरक्षण हेल्मेटची काच. गॉगल किंवा चष्मा दुसरा. आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का असलेलं फुल फेस हेल्मेट आणि खाली ओढलेली स्वच्छ काच असेल, तर गॉगलवर फार पैसे घालायची गरज उरत नाही. काच वर करून चालवायची सवय असेल किंवा हाफ फेस हेल्मेट असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा.

काच कशाची आहे हे न विचारणं

फुटपाथवरच्या गॉगलची काच ठिसूळ प्लास्टिकची असते. खडा लागला की तिचे टोकदार तुकडे होतात, आणि ते डोळ्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर असतात. खऱ्या काचेचा चष्मा तर बाइकवर नकोच. मागायचं ते पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स, म्हणजे मार सोसणारं प्लास्टिक. फ्रेम लवचिक नायलॉनची बरी. पातळ धातूची फ्रेम पडल्यावर गालात घुसते.

कारखान्यात वापरायचे सेफ्टी चष्मे यासाठी चांगले, स्वस्त आणि दुर्लक्षित आहेत. त्यांच्या काडीवर किंवा काचेवर ‘झेड८७+’ (Z87+, अमेरिकी मानक) किंवा ‘ईएन १६६’ (EN 166, युरोपीय मानक) सोबत ‘एफ’ (F) हे अक्षर कोरलेलं शोधा. ‘एफ’चा अर्थ असा की ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारली तरी काच टिकते. आता रस्त्यावरचा हिशोब बघा. तुम्ही ६० ने जाताय, समोरून ट्रक ८० ने येतोय आणि त्याच्या हौद्यातून खडा सुटला, तर तो तुमच्यावर ताशी १४० च्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटरच्या वेगाने येतो. बारीक कचीसाठी ‘एफ’ पुरतो. बोराएवढ्या खड्याचं वजन त्या गोळीच्या कितीतरी पट असतं, तिथे हेल्मेटची काचच हवी.

काळ्यावर काळी काच

ही चूक सर्वांत धोक्याची, आणि ती अगदी नकळत होते. गॉगलच्या काचेला प्रकाश किती आत सोडते यावरून ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग ० मधून ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश येतो, वर्ग १ मधून ४३ ते ८०, वर्ग २ मधून १८ ते ४३, वर्ग ३ मधून ८ ते १८ आणि वर्ग ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. वर्ग ४ बर्फाळ डोंगरांसाठी असतो. तो घालून कुठलंही वाहन चालवायचं नाही. आपल्या कडक उन्हालाही वर्ग २ किंवा ३ भरपूर होतो.

आता १५ टक्क्यांचा गॉगल घातलाय आणि वर हेल्मेटला निम्मा प्रकाश सोडणारी धुरकट काच आहे. दोन्हींचा गुणाकार होतो: डोळ्यापर्यंत ७.५ टक्के. म्हणजे वर्ग ३ ची खरेदी करून तुम्ही वर्ग ४ घातलात. झाडांच्या सावलीतला खड्डा मग दिसतच नाही, आणि भर उन्हातून खंबाटकीच्या किंवा कशेडीच्या बोगद्यात शिरलात की पहिले काही क्षण समोर फक्त काळोख. हेल्मेटची बाहेरची काच पारदर्शकच ठेवा. आत सरकणारी काळी काच असलेलं हेल्मेट घेता आलं तर उत्तम. बोगद्याच्या तोंडाशी डाव्या हाताने खटका सरकवला की काम झालं. चिकटवायची काळी फिल्म मात्र नको.

काळी म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज. अतिनील किरण अडवणं आणि रंग या वेगळ्या गोष्टी आहेत. रंग गडद पण किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्त आत जातात. ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं बघा आणि चष्म्याच्या दुकानातल्या मीटरवर तपासून मागा. दोन मिनिटांचं काम आहे. पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी हे किरण मुळातच अडवतं.

रंगात करडा सगळ्यात निर्धोक, सिग्नलचे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी काचेतून खड्ड्यांच्या कडा उठून दिसतात. गडद निळा, लाल टाळा.

‘नाईट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळे गॉगल रात्री घालू नका. ते समोरच्या दिव्याची तिरीप थोडी मऊ करतात, पण आधीच कमी असलेला प्रकाश आणखी घटवतात, आणि गडद कपड्यातला पादचारी त्यामुळे लवकर दिसत नाही. रात्री काच एकच: पारदर्शक. सकाळी नऊला काळा गॉगल घालून निघणाऱ्याने परतीच्या सातसाठी पारदर्शक चष्मा टाकीवरच्या बॅगेत ठेवायलाच हवा.

डोळ्यांतून पाणी येतं, कारण फट

गॉगल आहे तरी ५० च्या पुढे डोळ्यांतून पाणी वाहतं, तेव्हा दोष डोळ्यांचा नसतो. वारा भुवईच्या वरून आणि गालाजवळून आत शिरतो. सपाट, फॅशनचा गॉगल हे थांबवू शकत नाही. कानशिलांकडे वळलेली, चेहऱ्याला धरून बसणारी फ्रेम घ्या. गालावर आणि भुवईवर करंगळी सहज जाईल एवढी फट असेल तर तो बाइकचा गॉगल नव्हे. घरी मोठ्या वेगातल्या टेबलफॅनसमोर हातभर अंतरावर उभे राहा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. पापण्यांना वारा जाणवला, तर रस्त्यावर पाणी येणारच. मागचं बघायला मान वळवताना फ्रेमची जाड कड आड येते का, हेही तेव्हाच कळतं.

हेल्मेट सोबत नेऊनच गॉगल घ्या. काड्या सरळ आणि चपट्या हव्यात. कानामागे वळणाऱ्या जाड काड्या हेल्मेटमध्ये शिरत नाहीत, आणि शिरल्या तर पंधरा-वीस मिनिटांत कानशिलं ठणकायला लागतात. दुकानात तेवढा वेळ घालून बसा.

पावसाळ्यात काच धुरकटते तेव्हा

श्वास गरम आणि दमट, काच गार. म्हणून वाफ काचेवर थेंबांच्या रूपात बसते. यावर एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. वाफ कुठे बसतेय ते आधी बघा.

चष्म्यावर बसत असेल तर श्वास वर येतोय. स्कार्फ नाकावरून गुंडाळून त्यावर हेल्मेट घालणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण कापड श्वासाला खाली जाऊ देत नाही आणि तो सरळ चष्म्याकडे वळतो. स्कार्फ नाकाखाली घ्या, किंवा वरची कड नाकाच्या हाडावर घट्ट बसवून हनुवटीखाली सैल सोडा. हेल्मेटला नाकावरची रबरी पट्टी येत असेल तर ती काढून टाकू नका.

वाफ हेल्मेटच्या काचेवर असेल तर हनुवटीजवळचं वेंट उघडा आणि सिग्नलला काच एक खाच वर करा. गाडी सुटली की लगेच खाली. रोज पावसात चालवत असाल तर पिनलॉकची, म्हणजे हेल्मेटच्या काचेला आतून पिनांवर बसणारी, दुसरी काच बसवा. दोन काचांमध्ये हवेचा थर अडकतो, त्यामुळे आतली काच गार पडत नाही. ती बसवूनही दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली, तर कडेचा सिलिकॉनचा पट्टा बाहेरच्या काचेला सगळीकडे टेकलेला नाही. धरणाऱ्या पिना मध्यापासून जराशा सरकवलेल्या असतात. त्या थोड्या फिरवल्या की ताण वाढतो आणि पट्टा टेकतो. पिनलॉकची काच ओली असताना आतून पुसू नका, ओरखडे पडतात.

फोमची कड असलेला, इलॅस्टिकचा गॉगल हाफ फेस हेल्मेटवर धूळ उत्तम अडवतो, पण सिग्नलला थांबल्यावर धुरकटतो. वर-खाली छिद्रं असलेला घ्या आणि फोम आठवड्यातून एकदा धुवा.

नंबरवाल्यांसाठी

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा बाइकवर निराश करतात. त्यांना काळं व्हायला अतिनील किरण लागतात आणि तेच हेल्मेटची काच अडवते. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत, आणि पैसे वाया जातात.

पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरची चकाकी मारते, पण मोबाइलचा नकाशा काही कोनांतून काळा दिसतो आणि हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. घेण्याआधी आपल्याच हेल्मेटमधून, आपल्याच मोबाइलकडे बघून खात्री करा.

नंबर जास्त असेल तर पॉलिकार्बोनेटच्या कडेला रंगीत झालर दिसते. ट्रायवेक्समध्ये ती कमी असते. खूप वळलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवताना ऑप्टिशियनने त्या वळणाचा हिशोब धरला आहे का ते विचारा, नाहीतर कडेचं अंतर चुकतं. कॉन्टॅक्ट लेन्स वाऱ्यात कोरड्या पडतात. त्यांवर फट नसलेला गॉगल हवाच.

कोरड्या फडक्याने पुसणं

चांगली काच खराब होते ती इथे. काचेवरची धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरडं पुसलं की ती पॉलिश पेपरसारखी घासते. आधी पाणी ओता. चिकटलेल्या किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग सौम्य साबणाच्या पाण्याने बोटांनीच धुवा, मायक्रोफायबरने टिपा. पेट्रोल, थिनर, अमोनियाचे काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटला आतून बारीक चिरा पाडतात. त्या दिसत नाहीत, पण मार बसला की काच तिथूनच फुटते. रात्री समोरच्या दिव्याभोवती चांदणीसारखे फाटे दिसायला लागले की काच बदला. साध्या हेल्मेटची काच काही शेकड्यांत येते.

इतकं करूनही डोळ्यात काही गेलंच, तर गाडी कडेला घेऊन थांबा. डोळा चोळू नका. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याची बारीक धार नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे सोडा आणि उघडझाप करा. काही रुतलेलं दिसलं तर ते काढायचा प्रयत्न करू नका. धुतल्यावरही टोचत राहिलं, धूसर दिसलं, किंवा तो लोखंडाचा कण असण्याची शक्यता असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंजाचं कडं सोडायला लागतो.