घरी बांधलेल्या विमानाचं इंधन: कार्ब्युरेटर उघडण्याआधी या चुका तपासा

कांदिवलीच्या गच्चीवर घडलेलं कॅप्टन अमोल यादव यांचं विमान 2016 मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. तेव्हापासून ‘आपणही एक बांधू’ म्हणणारे ठाण्यातही अधूनमधून भेटतात. त्यांचं बोलणं इंजिनापाशीच घुटमळतं: हॉर्सपॉवर किती, किंमत काय, मिळेल कुठे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागापर्यंतच्या, नळीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. इंजिन कारखान्यातून तपासून येतं. ती नळी आपण वागळे इस्टेटच्या गाळ्यात स्वतः जोडलेली असते, आणि दोष बहुधा तिथेच सापडतो. त्यामुळे इंजिन बंद पडलं की पहिला प्रश्न हा, की ते नेमकं कधी बंद पडलं?

वीस-पंचवीस मिनिटं छान चाललं आणि मग बंद पडलं

संशय व्हेंटवर, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीवर घ्या. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढू दे, पेट्रोल येत नाही. टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ आवाज आला आणि त्यानंतर इंजिन सुरळीत चाललं, तर कार्ब्युरेटरला हातही लावू नका. गाळ्यात महिनोन्महिने उभ्या असलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. व्हेंटला बूच लावायचं तर त्याला लाल फीत बांधा, म्हणजे उडताना ते काढायचं राहणार नाही. व्हेंटचं तोंड पुढच्या वाऱ्याकडे असू द्या. उलट्या दिशेला ठेवलं तर उडताना हवा आत येण्याऐवजी बाहेर ओढली जाते.

जमिनीवर ठीक, पूर्ण थ्रॉटलला गुदमरतं

इथे अंदाज चालत नाही, मोजावं लागतं. पंपाने पेट्रोल पुरवणाऱ्या व्यवस्थेने उड्डाणाच्या वेळच्या खपाच्या 125 टक्के पेट्रोल द्यायला हवं, आणि निव्वळ उतारावर चालणाऱ्या व्यवस्थेने 150 टक्के. अशा छोट्या विमानांत वापरलं जाणारं रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे 27 लिटर पितं, म्हणजे पंप असेल तर तासाला 34 लिटर, अर्थात सहा मिनिटांत साधारण 3.4 लिटर. कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून धातूच्या मापात धरा आणि इलेक्ट्रिक पंप चालू करा. विमानाचं नाक मात्र चढताना असेल तेवढं वर उचललेलं हवं आणि टाकीत पेट्रोल तळाशीच. बरेच जण टाकी भरून, विमान सपाट ठेवून मोजतात आणि समाधानाने घरी जातात.

माप कमी भरलं तर आधी फिल्टर बघा, मग चेपलेली किंवा काटकोनात वळवलेली नळी, आणि मग टेफलॉन टेप. “साहेब, टेप गुंडाळा, थेंबही टिपकणार नाही,” असं कोणताही नळफिटर सांगेल, आणि पाण्याच्या नळाबाबत ते खरंही आहे. पण इथे तिचे तुकडे सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात अडकतात. इंधनासाठीची थ्रेड पेस्ट वापरा आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन तर नकोच, पेट्रोलमध्ये त्याचा लगदा होतो.

सांधा कितीही आवळला तरी टिपकत असेल तर पाना खाली ठेवा आणि कोन बघा. विमानाच्या फिटिंगचा फ्लेअर, म्हणजे सांध्यावरचा तिरपा काठ, 37 अंशांचा असतो, मोटारीच्या दुकानात मिळणारा बहुधा 45 चा. दोन्ही एकमेकांवर बसल्यासारखे वाटतात, पण खरे बसत नाहीत.

उन्हात थांबवलं, पंधरा मिनिटांनी चालू होईना

हा व्हेपर लॉक. इंजिन थांबलं की वाहती हवा थांबते, सगळी उष्णता वर चढते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. मे महिन्यात हा हमखास भेटतो. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, तिच्यावर फायर स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं वेष्टण) चढवा, जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन वगळू नका. इलेक्ट्रिक पंप टाकीच्या खालच्या बाजूला बसवा. पेट्रोल ढकलल्यावर वाफ कमी होते, ओढल्यावर जास्त.

कोणतं पेट्रोल?

आता पेट्रोल पंपावरचं नेहमीचं पेट्रोल म्हणजे ई-20, त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. रोटॅक्स 912 ला चालतं ते 10 टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचं. शिवाय इथेनॉल फायबरग्लासच्या टाकीतली काही रेझिन आणि जुनं सीलंट खातं, हवेतलं पाणी शोषतं, आणि पेट्रोलची पातळी विजेने (कपॅसिटन्सवर) मोजणाऱ्या गेजला चुकवतं. खाडीकाठच्या पावसाळ्यात अर्धी टाकी चार महिने तशीच ठेवली, तर तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो. शंका असेल तर मापाच्या काचनळीत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल हलवून ठेवा. तळाचा थर 10 च्या वर गेला, तर इथेनॉल आहे. एव्हीगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, मिळालं तर वापरता येतं, फक्त त्यातल्या शिशामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं.

कॉक कुठे आहे?

सर्वांत महाग पडलेली चूक बहुधा हीच. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझी हे घरी बांधायच्या प्रकारचं विमान 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात कोसळलं. ते त्यांनी विकत घेतलेलं, दुसऱ्याने बांधलेलं विमान होतं. टाकी बदलण्याचा कॉक बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर खुणा नव्हत्या, आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काचांवरही नव्हत्या. चौकशीत या गोष्टी कारणांमध्ये नोंदल्या गेल्या. म्हणून पट्टा आवळून सीटवर बसा, डोळे मिटा आणि कॉक फिरवून बघा. खांदा वळवावा लागला किंवा पाय रडरच्या (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर दाबला गेला, तर जागा बदला, कितीही पॅनेल कापावं लागलं तरी. नावं मोठ्या अक्षरांत लिहा: डावी, उजवी, बंद.

हे सगळं मोजमाप गाळ्याबाहेर, मोकळ्यावर करा. माप आणि विमान तारेने जोडून अर्थिंग द्या, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. शेजारच्या गाळ्यात गॅस-कटिंग चालू नाही ना, हे स्वतः जाऊन विचारा. शक्यतो सुट्टीचा दिवस धरा.