‘बंकम’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतला ‘बंकम’ कानावर पडला की मराठी माणसाला ‘भंपक’ आठवतोच. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘अहो, हा आपलाच शब्द, साहेबानं उचलून नेला!’ पहिली चूक हीच. या दोन शब्दांचं नातं फक्त कानापुरतं आहे. भाषांतरात मात्र ‘भंपकपणा’ खुशाल वापरा, इतका चपखल शब्द मला तरी दुसरा सुचलेला नाही.

‘बंकम’चं मूळ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, बंकम काउंटीत आहे. १८२० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात मिझुरीवर खडाजंगी चालू होती. मिझुरीला राज्याचा दर्जा द्यायचा, पण तिथे गुलामगिरी चालू द्यायची का, हा प्रश्न होता. बोलून बोलून सगळे दमले होते, आता मतदान घ्या म्हणून ओरडा सुरू झाला होता. नेमके तेव्हाच फीलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. बंकम काउंटी त्यांच्या मतदारसंघात येत होती. सहकारी खाली बसायला सांगू लागले, तर यांचं म्हणणं असं, की माझ्या लोकांची अपेक्षा आहे, मला बंकमसाठी बोलायचंय. सभागृहात कुणी ऐको न ऐको, गावाकडे कळलं पाहिजे! (इतिवृत्तात नाव यावं म्हणून सभेच्या शेवटी उभे राहणारे आपल्यालाही नवे नाहीत.) तेव्हापासून ‘बंकमसाठी बोलणं’ म्हणजे पोकळ भाषणबाजी, आणि पुढे ‘बंकम’ म्हणजे कुठलीही निरर्थक बडबड.

हा किस्सा डोक्यात ठेवला, तर सगळ्यात जास्त होणारी चूक आपोआप टळते. ती म्हणजे ‘बंकम’ला सरळ ‘खोटं’ म्हणणं. वॉकर खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं आणि ते त्याला लपवायचं असतं. बंकम झाडणाऱ्याला खऱ्याखोट्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला फक्त छाप पाडायची असते. म्हणून साक्षीदारानं कोर्टात दिलेली खोटी साक्ष बंकम नाही. उशीर झाल्यावर साहेबांना मारलेली लोणकढी थापही नाही. ‘हे तेल लावा, पंधरा दिवसांत टकलावर केस’ हा मात्र अस्सल बंकम.

शब्दकोशात शोधताना अडलात तर स्पेलिंग बदलून पाहा. काउंटीच्या नावात मध्ये ‘सी’ आहे, आजच्या रूढ शब्दात ‘के’. जुन्या अमेरिकी मजकुरात ‘सी’वालं रूप भेटतं, ती छपाईची चूक समजू नका.

कॉलेजच्या पोरांची गफलत वेगळी असते. ‘लेक्चर बंक केलं’ यातला बंक आणि ‘बंकम’चं लघुरूप असलेला ‘बंक’ हे दोन निराळे शब्द आहेत. ‘डीबंक’ निघाला तो दुसऱ्यापासून. विल्यम वुडवर्ड या अमेरिकी लेखकानं १९२३ मध्ये ‘बंक’ याच नावाच्या कादंबरीत तो घडवला. अर्थ, थोतांड उघडं पाडणं. त्यामुळे ‘डीबंक’ म्हणजे बुडवलेल्या तासाला परत जाऊन बसणं, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

हेन्री फोर्ड यांचं ‘इतिहास म्हणजे बंक’ हे वाक्यही सांभाळून उद्धृत करा. १९१६ मध्ये शिकागो ट्रिब्यूनला दिलेल्या मुलाखतीत ते इतिहास ‘कमी-अधिक प्रमाणात’ बंक आहे, असं म्हणाले होते. ते दोन शब्द वाटेत गळून गेले.

आणि बंकम काउंटीला हे नाव तिथल्या लोकांच्या थापेबाजीवरून पडलं, असं तर मुळीच लिहू नका. १७९१ मध्ये ते दिलं गेलं कर्नल एडवर्ड बंकम यांच्या स्मरणार्थ. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जर्मनटाउनच्या लढाईत ते जखमी होऊन ब्रिटिशांच्या हाती लागले आणि १७७८ मध्ये कैदेतच वारले.