संयुक्त छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढताना या चुका टाळा

आय, टी, चॅनेल किंवा प्लेटा जोडून तयार केलेल्या बीमच्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे पाठ्यपुस्तकातले जडत्व आघूर्ण (छेद वाकण्याला किती विरोध करतो याचे माप), काढणे हे गणित म्हणून अवघड नाही. छेदाचे साधे तुकडे पाडणे, सेंट्रॉइड (क्षेत्रफळाचा मध्यबिंदू) शोधणे आणि समांतर अक्षाचे प्रमेय (तुकड्याचा स्वतःचा आकडा अधिक त्याचे क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग) वापरून बेरीज करणे, एवढाच त्याचा पसारा आहे. तरीही इतरांची आकडेमोड तपासताना वर्षानुवर्षे मला त्याच त्या चुका दिसत आल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक चुका विषय न समजल्यामुळे नव्हे, तर उत्तर लवकर हाती लागावे या घाईमुळे झालेल्या असतात.

अक्ष जुन्याच जागी ठेवणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो. एका कामात, आधीच बसवलेल्या पोलादी आय बीमवरचा भार वाढणार असल्यामुळे, त्याला खालून प्लेट वेल्ड करून बळकटी द्यायची होती. बीमच्या दोन्ही फ्लँज (वरची आणि खालची आडवी पट्टी) १५० × १५ मिमी, वेब (मधली उभी पट्टी) २७० × १० मिमी आणि एकूण उंची ३०० मिमी होती. खाली जोडायची प्लेट २०० × २० मिमी होती. मूळ बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया १०.७९ कोटी मिमी⁴ येतो. आकडेमोड करणाऱ्या तरुण सहकाऱ्याने प्लेटचे क्षेत्रफळ ४,००० मिमी² आणि तिचे बीमच्या मध्यापासूनचे अंतर १६० मिमी घेतले, त्यातून मिळालेले १०.२४ कोटी आणि प्लेटचा स्वतःचा किरकोळ वाटा मूळ आकड्यात मिळवला, आणि एकूण २१.०४ कोटी मिमी⁴ असे उत्तर लिहिले. बीमची ताकद जवळजवळ दुप्पट झाली, असा निष्कर्ष खाली नोंदवून कागद माझ्याकडे आला, तेव्हा प्लेटा मागवण्याची तयारीही झालेली होती.

बीमच्या मध्यातून जाणारा अक्ष हा प्लेट जोडण्यापूर्वीचा सेंट्रॉइडल (सेंट्रॉइडमधून जाणारा) अक्ष होता. प्लेट लागल्यावर सेंट्रॉइड ५७.१ मिमी खाली सरकतो, आणि त्या नव्या अक्षाभोवतीचा खरा मोमेंट ऑफ इनर्शिया १७.३८ कोटी मिमी⁴ भरतो. म्हणजे लिहिलेले उत्तर २१ टक्क्यांनी फुगलेले होते, आणि तरीही खरा धोका त्यापुढेच होता. अक्ष खाली सरकल्यामुळे बीमचा सर्वांत वरचा थर अक्षापासून १५० नव्हे, तर २०७.१ मिमी दूर गेला. वरच्या थराचा सेक्शन मॉड्युलस (मोमेंट ऑफ इनर्शिया भागिले त्या थराचे अक्षापासूनचे अंतर; तो जितका मोठा तितका ताण कमी) मुळात ७.१९ लाख मिमी³ होता. प्लेट लावल्यावर तो ८.३९ लाख मिमी³ झाला, म्हणजे वाढ सुमारे १७ टक्के. जुन्या अक्षावर केलेली आकडेमोड मात्र त्याच थरासाठी ९५ टक्के वाढ दाखवत होती. शेवटी वरच्या फ्लँजच्या खालच्या अंगालाही पट्ट्या जोडण्याचा आराखडा आम्हाला नव्याने करावा लागला.

या उदाहरणातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्व समांतर अक्षांमध्ये सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया सर्वांत कमी असतो. त्यामुळे तुकड्या-तुकड्याने बेरीज करताना अक्षाची जागा कोणत्याही दिशेला चुकली, तरी उत्तर खऱ्यापेक्षा मोठेच येते आणि बीम खऱ्यापेक्षा ताठ दिसतो. मोमेंट ऑफ इनर्शियातली ही चूक सुरक्षित बाजूला कधीच पडत नाही, आणि म्हणूनच सेंट्रॉइडसाठी लागणारी पाच मिनिटे वाचवणारा माणूस मला खपत नाही.

माझी सवय अशी आहे की अक्ष सापडल्यावर मी लगेच पुढे जात नाही. प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ आणि त्याचे नव्या अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार, वरची बाजू अधिक आणि खालची उणे धरून, पुन्हा मांडतो आणि त्यांची बेरीज शून्य येते का ते पाहतो. वरच्या कागदावर हे केले असते, तर ६,४०,००० मिमी³ एवढे असंतुलन समोर आले असते आणि चूक तिथेच सापडली असती.

प्रमेय कोणत्या अक्षापासून लावायचे

समांतर अक्षाचे प्रमेय तुकड्याच्या स्वतःच्या सेंट्रॉइडल अक्षापासूनच सुरू करावे लागते. एका कोणत्याही अक्षावरून दुसऱ्या कोणत्याही अक्षावर थेट उडी मारता येत नाही. आयतात ही चूक सहसा होत नाही. त्रिकोण आणि अर्धवर्तुळ आले की होते. त्रिकोणाचा पायाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२ असतो, आणि आयताचे सेंट्रॉइडभोवतीचे सूत्रही अक्षरशः तेच आहे. त्रिकोणासाठी सेंट्रॉइडभोवतीचा भाजक ३६ आहे, पण सूत्रे समजून न घेता पाठ केलेली असली की १२ डोळे झाकून लिहिले जातात आणि त्यावर अंतराचा भाग पुन्हा चढतो. अर्धवर्तुळाचा व्यासाभोवतीचा आकडा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या ०.३९३ पट, तर सेंट्रॉइडभोवतीचा ०.११० पट असतो. दोन्हींत साडेतीन पटींचा फरक आहे. सूत्र वापरताना ते कोणत्या अक्षाचे आहे हे शेजारी शब्दांत लिहून ठेवण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

याच्या उलट चूकही दिसते: अंतराचा भाग अजिबात न धरता तुकड्यांचे स्वतःचे आकडे नुसते मिळवणे. २०० × २० मिमी फ्लँज आणि तिच्याखाली २० × १८० मिमी वेब असलेला टी छेद घ्या. त्याचा खरा मोमेंट ऑफ इनर्शिया २.८८ कोटी मिमी⁴ आहे; नुसत्या बेरजेने ०.९९ कोटी येतो. यामुळे बीम पडणार नाही, पण पोलाद वाया जाईल.

जवळची वाट आणि अकाली पूर्णांकन

पायथ्याभोवतीचा एकूण मोमेंट ऑफ इनर्शिया काढून त्यातून एकूण क्षेत्रफळ गुणिले सेंट्रॉइडच्या उंचीचा वर्ग वजा करण्याची पद्धत नवशिक्यांना फार आवडते, कारण त्यात प्रत्येक तुकड्याचे अंतर नव्याने काढावे लागत नाही. पद्धत बरोबर आहे, पण ती दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीवर उभी असल्यामुळे पूर्णांकन सहन करत नाही. वरच्याच टी छेदाचा सेंट्रॉइड पायथ्यापासून १४२.६३ मिमीवर आहे. तो १४३ धरला, तर या पद्धतीने २.८० कोटी मिमी⁴ येते, म्हणजे जवळपास तीन टक्क्यांची चूक. तेच १४३ घेऊन प्रत्येक तुकड्यासाठी अंतर काढले, तर उत्तर २.८८ कोटीच राहते. मी तक्ता करून तुकड्या-तुकड्याने जाणाऱ्यांपैकी आहे, आणि वाचवलेला एक रकाना मला कधीही फायद्याचा वाटलेला नाही.

दोन पदार्थांचा छेद

लाकडाला पोलादी प्लेट जोडली, की पोलादाचे रूपांतर लाकडात करून सगळा छेद एकाच पदार्थाचा मानतात. दोन पदार्थांच्या यंग मॉड्युलसचे (पदार्थाच्या ताठपणाच्या मापाचे) गुणोत्तर, म्हणजे मॉड्युलर रेशो, इथे वापरतात. हे गुणोत्तर फक्त रुंदीला लावायचे असते, उंचीला नाही, कारण उंची बदलली की अक्षापासूनची अंतरे आणि त्यामुळे विकृतीचे (भाराखाली होणाऱ्या लांबीतील बदलाचे) वितरणच बदलते. १०० × २०० मिमीच्या लाकडी बीमखाली १०० × १० मिमीची पोलादी प्लेट आहे आणि मॉड्युलर रेशो २० आहे असे समजू. योग्य रूपांतरात प्लेट २,००० मिमी रुंद आणि १० मिमी जाड होते, आणि मोमेंट ऑफ इनर्शिया १७.७१ कोटी मिमी⁴ येतो. वीसने जाडी गुणली, तर १०० × ४०० मिमीचा अखंड आयत तयार होऊन उत्तर ५३.३३ कोटी येते, म्हणजे तिप्पट. ही चूक चांगल्या अभियंत्यांच्या कागदावरही मी पाहिली आहे. शिवाय, रूपांतरित छेदावरून पोलादातला ताण काढल्यावर तो पुन्हा वीसने गुणायचा राहून जातो.

यासोबतच एक प्रश्न आकडेमोडीआधी विचारावा: हे तुकडे खरोखर एकत्र वाकणार आहेत का? एकसारख्या दोन फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या, तर त्या एकमेकींवर घसरतात आणि त्यांचा मोमेंट ऑफ इनर्शिया एका फळीच्या दुप्पट होतो; त्या घट्ट जोडल्या, तर आठपट. वेल्ड, बोल्ट किंवा शिअर कनेक्टर आडवे कातरबल (थरांना एकमेकांवरून सरकवणारे बल) पेलण्याइतके नसतील, तर छेदाला संयुक्त म्हणणे ही केवळ कागदावरची इच्छा आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

छिद्र वजा करताना त्याचा स्वतःचा भाग आणि अंतराचा भाग दोन्ही वजा होतात. एकच वजा करून थांबू नये.

घन नेहमी अक्षाला लंब असलेल्या मापाचा असतो. वेब आणि फ्लँज एकाच छेदात असताना मापांची अदलाबदल सहज होते.

एक सेमी⁴ म्हणजे १०,००० मिमी⁴. छेदांच्या छापील तक्त्यांत बहुधा सेमी⁴ असतात, आणि शंभराने गुणलेली कित्येक उत्तरे मी पाहिली आहेत.

अँगल जोडताना तक्त्यातला सेंट्रॉइड त्याच्या पाठीपासून मोजलेला असतो, टोकापासून नव्हे.

झेड छेद किंवा एकटा अँगल घेतल्यास आडवा आणि उभा अक्ष हे मुख्य अक्ष नसतात. तिथे प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया (क्षेत्रफळ गुणिले दोन्ही अक्षांपासूनची अंतरे, यांची बेरीज; मुख्य अक्षांसाठी ती शून्य असते) काढल्याशिवाय वाकण्याचे साधे सूत्र लावू नये.

शेवटी एक तपासणी मी प्रत्येक वेळी करतो. एका पदार्थाच्या भरीव तुकड्यांनी बनलेल्या छेदाचे उत्तर तुकड्यांच्या स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेइतके किंवा त्याहून जास्त आणि त्या छेदाला बाहेरून वेढणाऱ्या आयतापेक्षा कमीच असायला हवे. वरच्या टी छेदासाठी या मर्यादा ०.९९ आणि १३.३३ कोटी मिमी⁴ आहेत. एककाची किंवा घाताची चूक यात तत्काळ सापडते. अक्षाची चूक मात्र यात लपून राहते, आणि तिच्यासाठी शून्य बेरजेचीच तपासणी करावी लागते.