किरणांनी सुधारलेलं बियाणं: या चुका टाळा

गेल्या वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, गोव्यातल्या पेडण्यातले एक काका भुईमुगाचे दाणे खिशातून घेऊन आले. नखाने दाणा उकलून दाखवला. आतला कोंब काळाठिक्कर. "बघ, ट्रॉम्बेचं बियाणं. किरणांनी जाळलंय!"

जाळलं कुणी नव्हतं. कॅल्शियम कमी पडलं की भुईमुगाचा कोंब आतून असाच काळवंडतो आणि शेंगा पोचट राहतात. टपोऱ्या दाण्याच्या जातीला तर ते जास्तच लागतं. आपली जांभ्याची माती आंबट, वर पावसाने धुतलेली. शेंग आपलं कॅल्शियम भोवतालच्या मातीतून थेट घेते, त्यामुळे पानांवर फवारून भागत नाही. आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटायच्या वेळी बुडाशी जिप्सम हे कॅल्शियमचं खत द्यावं.

काका ज्याला ट्रॉम्बेचं बियाणं म्हणाले, त्या भुईमुगाच्या टीएजी-२४ सारख्या जाती ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या. किरणांचा मारा झाला तो फार मागे, त्यांच्या पूर्वजांवर. तुमच्या पोत्यातल्या दाण्याने गॅमा किरण पाहिलेलेसुद्धा नाहीत. आणि पाहिले असते, तरी त्याने बी किरणोत्सर्गी होत नाही. हे संकरित वाणही नव्हे, म्हणून घरचं बी पुन्हा पेरता येतं. फक्त ते शेंगेतच ठेवा. फोडून डब्यात भरलेल्या दाण्याची उगवण झपाट्याने घसरते, मग पुन्हा बोल किरणांना. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजलंत तर पुढचा वाद टळेल.

उलटा घोटाळाही पाहिलाय. साठवणीसाठी किरण दिलेला कांदा कुणीतरी हौसेने लावतो आणि कोंबाची वाट बघत बसतो. तिथे किरण देतात ते कोंब फुटू नये म्हणूनच!

आता कोरगुट या गोव्यातल्या भाताच्या जुन्या जातीवर किरणांचा प्रयोग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, खारं पाणी सोसणारं हे भात उंच वाढतं आणि लोळतं. ते ठेंगणं व्हावं असं वाटणं साहजिक आहे. पण शेतकऱ्याकडून आणलेलं बी बहुधा भेसळीचं असतं. आधी ते शुद्ध करून घेतलं नाही, तर वेगळं दिसणारं प्रत्येक झाड तुम्ही उत्परिवर्तन (किरणांनी घडलेला आनुवंशिक बदल) म्हणून मिरवाल. किरणांची मात्राही कुठून तरी उचलू नका. भाताला साधारण १५० ते ३०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) देतात, तरी आपल्या बियाण्याचा थोडा नमुना आधी वेगवेगळ्या मात्रांवर तपासावा. बियाण्यातला ओलावा बदलला की परिणामही बदलतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई. किरण दिलेल्या बियांच्या पहिल्या पिढीत खुरटलेलं झाड दिसलं की "ठेंगणी जात मिळाली!" बहुतेकदा ती नुसती इजा असते, पुढे उतरत नाही. शिवाय एकाच झाडाच्या दोन फुटव्यांत वेगवेगळे बदल असू शकतात, म्हणून लोंब्या वेगळ्या ठेवून पेराव्या. खरा खेळ दुसऱ्या पिढीत, कारण बहुतेक बदल अप्रभावी असतात, म्हणजे पहिल्या पिढीत दबून राहतात. वाफ्यात कागदासारखी पांढरी रोपं उगवून दहा-पंधरा दिवसांत मरतात. घाबरू नका, किरण लागल्याची ती खूण. उपयोगाचं झाड हजारांत एखादं, आणि त्याचा खारेपणा सोसण्याचा गुण टिकलाय का हे गोड्या पाण्याच्या वाफ्यात कळणार नाही. त्यासाठी खाजनातच उतरावं लागतं.